दीर्घ लेखांची शिफारस करा

मा. संपादक,

स.न.वि.वि. आपल्या रविवार पुरवणीत दर आठवड्याला चांगल्या दीर्घ लेखांची शिफारस करणारं सदर सुरू करावं, ही विनंती. आरोग्य, विज्ञान, संस्कृती, बदलतं जगणं यांवर दिवाळी अंकांत आणि मासिकांत उत्तम लिहिलं जातं. शहादा-तळोद्याकडे मात्र त्याची नावंही पोचत नाहीत.

काही विषय चौकटीत मावतच नाहीत. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचंच घ्या. नंदुरबार जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बातमी येते ती तपासणी शिबिराची, पाहुण्यांच्या नावांसकट. पण हिमोग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाच्या साखळीत एका जागी ग्लुटॅमिक आम्ल या घटकाऐवजी व्हॅलिन हा दुसरा घटक आला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि असह्य कळा येतात, हे कोणी समजावून सांगत नाही. मग हा दोष का टिकला? ज्याला तो आई किंवा बाप, एकाकडूनच मिळतो, त्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून. आईबाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणजे हा विषय थेट सोयरिकीपर्यंत येतो. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे नीट उलगडून सांगितलं नाही तर भीती तेवढी पसरते आणि एखाद्या पोरीचं जमलेलं लग्न मोडतं. दोनशे शब्दांत हे कसं सांगणार?

रावेर-यावलच्या केळीवरचा सीएमव्ही हा विषाणूचा रोग, मावा ही कीड तो कशी पसरवते आणि रोगट झाड उपटण्यावाचून इलाज का नाही, हाही असाच विषय. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे खानदेशातल्या या देवीच्या सणासाठी, सुरतेहून, नाशिकहून गावी परतणाऱ्या भाऊबंदांवरही कोणीतरी सवडीनं लिहायला हवं.

लोकांना वाचायला वेळ नाही, हे मला पटत नाही. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीत मोठमोठे लेख वाचतो आहे. आमच्या वाचनालयात जुने दिवाळी अंकही लोक मागून नेतात.

सुरुवात सिकलसेलपासून करावी. या भागात काम केलेल्या डॉक्टरांकडून पानभर लेख लिहून घ्यावा आणि टाइप मोठा ठेवावा. पावरी, भिली बोलणारी आमची कॉलेजची पोरं तो पाड्यांवर वाचून, समजावून सांगायला तयार आहेत.

– एक ग्रंथपाल, शहादा (जि. नंदुरबार)