नाना गेले आणि नालीचं तोंड बुजलं

प्रिय बंड्या,

तब्येती ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर गोळीनं ताब्यात. पुढचं ऐक.

शेजारचे नाना गेल्याचं तुला फोनवर सांगितलं. हे सांगायचं राहिलं की तेरवी झाली न झाली तोच त्यांच्या पोरानं मधली दगडी भिंत पाडून विटांची कंपाउंड वॉल उभी केली, आणि तिच्यात आपली मोरी, म्हणजे नालीचं पाणी त्यांच्या वाड्यात जायचं भोक, बुजून गेली. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, एवढंसं भोक ते! त्या भोकासाठी आपण नानांच्या ओसरीवर किती वेळा बसलो ते तुलाच ठाऊक. "पानी येऊ द्या, पन शेण आलं तं तुमच्याच आंगनात आणून टाकीन," एवढाच करार होता. कागद कुठं होता?

पोरगा वाईट नाही. "काका, पानी तुमचं, मंग आमच्या वाड्यात काऊन?" म्हणतो. याला काय उत्तर देऊ? वरून त्याची बायको आईला रोज ताक आणून देते, त्यामुळं भांडायचीही सोय नाही.

आणि हे सगळं नाली दुरुस्तीला काढल्यावर! उन्हाळ्यात नालीत अंथरलेले सगळे दगड उपसले होते. अर्धे तर काळ्या मातीनं गिळलेले, सब्बलीनं उकरून काढावे लागले. पावसात माती लोण्यासारखी होते, दगड खाली जातो. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात बारकी गिट्टी जाते. वरून गाळ, त्यावर हराळी. नाली केली तेव्हा तू मुंबई आयआयटीतल्या त्या मातीवाल्या कट्टी सरांचं नाव घेऊन डोकं खाल्लं होतंस, की फुगणाऱ्या मातीवर आधी न फुगणाऱ्या मातीचा थर पाहिजे. कालव्याला सरकार मुरूम घालतं रे, तेव्हा आपल्याला ट्रॉली परवडत होती का? आता टाकला. सहा इंच मुरूम, पाणी मारून धुमसानं ठोकला. वर जिओटेक्सटाईलचं कापड, म्हणजे पाणी झिरपेल पण माती वर येणार नाही. मग धुतलेले दगड.

एक मात्र ऐकून घे. तुझे ते नदीचे गुळगुळीत गोटे उतारावरून सगळे पळाले, खाली ढीग होऊन सापडले. विहिरीच्या खोदकामातले माझे ओबडधोबड काळे दगड एकमेकांत अडकून जागच्या जागी होते. "दिसायला बरं पाहिजे" म्हणून तू दोन दिवस अबोला धरला होतास. गोटे आता तुळशीपाशी ठेवलेत, दिसायला बरे आहेत.

पण एवढी नटवलेली नाली आता जाते कुठं? भिंतीला टेकते. एका दिवसात 65 मिलिमीटर पाऊस आला तर हजार चौरस फुटांच्या टिनांवरून सहा हजार लिटर पाणी उतरतं, अंगणाचं वेगळंच. ते तुंबणार माजघराच्या कोपऱ्याशी, जिथं आपण कॅरम ठेवायचो. तिथली भेग तू पाहिली आहेस. पायाखालची माती एकदा फुगते, एकदा आकसते. भेग वाढणार नाही तर काय होईल? आमचं पोरगं म्हणते, सगळीकडं पेव्हर ब्लॉक टाकू. म्हणजे मुरणारं थोडंफार पाणीही वरूनच पळणार. माझी बायको म्हणते, सिमेंटची पक्की नाली करा. काळ्या मातीवर ते सिमेंट किती पावसाळे टिकतं ते तिला तूच सांग, माझं ऐकत नाही.

माझ्या मनात आहे ते असं. नाली सांदवाडीकडं, म्हणजे मागच्या परसाकडं वळवायची. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मोठे दगड, शेवटी घरापासून आणि विहिरीपासून लांब एक खड्डा, पार मुरूम लागेपर्यंत, कारण काळ्या मातीत पाणी मुरायचं नाव घेत नाही. काठानं कर्दळ आणि अळू. लिंबू तिकडं नको, मुळाशी पाणी थांबलं की डिंक्या रोग लागतो. अडचण उताराची. अंतर साठ फूट, आणि पातळी बघायच्या पाण्याच्या नळीनं मोजलं तर उतार जेमतेम साडेतीन इंच. शंभर फुटांना फूटभर धरला तरी सात-सव्वासात इंच पाहिजे. खालचं टोक आणखी खोदावं, की ओसरीकडचं तोंड मुरमानं उचलावं? उचललं तर पाणी उलटं घराकडं यायची भीती. खोदलं तर खड्ड्याची तेवढी जागा कमी होणार, आणि कडा ढासळतील त्या वेगळ्या. रात्री दोनदा टॉर्च घेऊन बघून आलो. ती म्हणाली, "चोर समजून कोणी मारंल."

नाना असते तर पुन्हा ओसरीवर जाऊन बसलो असतो. शिव्या दिल्या असत्या आणि मग चहा सांगितला असता.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीचा निकाल कळला, पेढे पोळ्याला घेऊन ये. वहिनींना नमस्कार.

आणि पोळ्याची वाट पाहू नकोस. मृग लागायच्या आत एक रविवार काढ. तुझी ती पारदर्शक नळी आण, माझी मध्ये हवा धरते. कापडही दहा फूट कमी पडतंय, तिकडं मिळालं तर घे.

तुझा,
दिग्या