लोहाची गोळी चहासोबत नको

मा. संपादक,

गरोदर बायका लोहाच्या गोळ्या घेतच नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आमच्या डिचोलीकडे मला वेगळेच दिसते. गोळी घेतात, पण कशी? सकाळच्या चहा-पावाबरोबर, लोहाची आणि कॅल्शियमची एकदमच! चहा लोह अंगी लागू देत नाही, कॅल्शियमही त्याच्या आड येते. दोन गोळ्यांत निदान दोन तासांचे अंतर हवे. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घेतली तर उत्तम. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी.

सरकारी नियमाप्रमाणे चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा 180 दिवस गोळ्या (60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस. हा दुसरा हप्ता किती घरांत पुरा होतो? बाळंतिणीच्या लाडवांची आठवण सगळ्यांना असते, गोळीची कुणालाच नाही. शौचाला काळे झाले की ‘गोळी उष्ण पडते’ म्हणत सासूबाईच पाकीट बाजूला ठेवतात. तो रंग लोहाचा; त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. आरोग्य केंद्रात गोळ्या देताना सुनेसोबत आलेल्या सासूलाही जवळ बसवून वेळा समजावून सांगाव्यात. पाकिटावर मराठी-कोंकणीत ‘चहासोबत नको’ एवढे छापायलाही फार खर्च येणार नाही.

— एक वाचक, डिचोली