शास्त्रातील संज्ञा त्या शास्त्रातच वाचाव्यात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संस्कृत शास्त्रग्रंथांतील वचने उद्धृत करून त्यांवर भाष्य करणारे लेखन मराठीत बरेच होते आणि ते व्हावेच. मात्र त्यात पारिभाषिक शब्दांचे अर्थ ज्या सैलपणे लावले जातात, ते खटकते. ‘गुण’ हा एकच शब्द घ्या. पाणिनीच्या व्याकरणात ‘अदेङ्गुणः’ या सूत्रानुसार अ, ए आणि ओ या स्वरांची ती संज्ञा आहे. वैशेषिक दर्शनाच्या अनुयायांच्या मते गुण हा द्रव्याच्या आश्रयाने राहणारा पदार्थ (म्हणजे अस्तित्वाचा एक मूलभूत वर्ग) असून त्यात रूप, रस, गंध यांच्या जोडीने संख्याही येते. सांख्य दर्शनातील सत्त्व, रज आणि तम हे तर कशाचे गुणधर्म नव्हेतच. ते प्रकृतीचे, म्हणजे जगाच्या मूळ कारणाचे, घटकच होत. या सर्वांना एकाच मापाने मोजले, की मूळ विचार हरवतो.

मराठी वाचकाची फसगत अधिक सहज होते, कारण आपली शालेय परिभाषाच संस्कृतातून घडवलेली आहे. रसायनशास्त्रातील अणू मनात ठेवून वैशेषिकांचा परमाणू वाचला, तर पृथ्वी, जल, तेज आणि वायू असे त्याचे चारच प्रकार का, किंवा दोन परमाणूंचे द्व्यणुक व तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक ही मांडणी कशासाठी, हे प्रश्नच पडत नाहीत. अशाने त्या दर्शनाचा गौरव होत नाही. त्याचे स्वतःचे म्हणणे मात्र झाकले जाते.

शास्त्रकारांना या धोक्याची पूर्ण जाणीव होती. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदग्रंथाच्या उत्तरतंत्र या भागात ग्रंथाचा अर्थ लावण्याच्या ३२ तंत्रयुक्ती, म्हणजे रीती, सांगितल्या आहेत आणि त्यांत ‘स्वसंज्ञा’, म्हणजे इतर शास्त्रांत त्या अर्थाने न चालणारी संज्ञा, ही एक आहे. तेथे उदाहरण दिले आहे ते ‘मिथुन’ या शब्दाचे: त्याने मध आणि तूप घ्यावयाचे. सामान्य कोश उघडून ‘जोडपे’ एवढाच अर्थ घेणाऱ्याला ते औषध कधीच कळणार नाही. कौटिल्यानेही अर्थशास्त्राच्या शेवटच्या अधिकरणात ही युक्ती नोंदवली आहे.

न्यायशास्त्रासाठी, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रासाठी, भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’, व्याकरणासाठी काशीनाथ वासुदेव अभ्यंकरांचा कोश अशी साधने उपलब्ध असताना केवळ सामान्य शब्दकोशावर विसंबणे योग्य नाही. म्हणून विनंती अशी, की असे लेख छापताना ग्रंथाचे नाव, वचनाचे नेमके स्थान आणि अर्थ कोणत्या टीकाग्रंथाच्या आधारे लावला आहे, एवढे तरी लेखकाकडून आवर्जून मागून घ्यावे.

आपला,
संस्कृतचा एक अभ्यासक