पारोळ्याजवळच्या गॅरेजवाल्या नानांना

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर बजावलंत, "ताई, माझं नाव कुठं टाकू नका." नाव टाकत नाही. पण तुम्ही जे केलंत ते चार लोकांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

२९ एप्रिल २०२५, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशीची दुपार. मी, सासूबाई आणि माझी नऊ वर्षांची लेक जळगावहून सोनगीरला, माझ्या माहेरी निघालो होतो. लग्नाला बारा वर्षं झाली, एकही आखाजी मी चुकवलेली नाही. पारोळा मागे पडलं आणि टेंपरेचरचा काटा चढायला लागला. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, तरी काटा उतरेना. समोर तुमचा पत्रा आणि निंबाचं झाड दिसलं, तिथं सावलीत गाडी घातली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटखालून गोडसर, जळका वास येत होता.

तुम्ही हात पुसत बाहेर आलात. "काय व्हयनं ताई?" अहिराणी कानावर पडली आणि माझी अर्धी भीती तिथंच गेली. मी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला तेव्हा मात्र तुम्ही ओरडलात. बरोबरच ओरडलात. गरम झाकण उघडलं असतं तर उकळतं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, तोंडावर आलं असतं. सासूबाईंना खाट दिलीत, लेकीला माठातलं पाणी दिलंत आणि चाळीस मिनिटं गाडीला हात लावला नाहीत.

मग टॉर्च घेऊन मला जवळ बोलावलंत. कूलंट इंजिनात फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या पोटाशी हरभऱ्याच्या दाण्याएवढं एक छिद्र होतं आणि त्याखाली वाळलेल्या गुलाबी कूलंटचा ओघळ. तुम्ही नख लावलंत तसा त्याचा पापुद्रा निघाला. छिद्र कशासाठी असतं तेही समजावलंत. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये शिरू नये, इथून बाहेर पडावं आणि माणसाला कळावं. सात वर्षं गाडी चालवते, पण हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

"हा पंप तर ऑक्टोबरातच बदललाय," मी म्हणाले. "कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, कंपनीचाच पार्ट." तुम्ही बिल मागितलंत. डॅशबोर्डच्या कप्प्यात ते सापडलं. तारीख १८ ऑक्टोबर २०२४. पार्टची वॉरंटी सहा महिने किंवा १०,००० किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते. किलोमीटर जेमतेम ५,४०० झाले होते, पण सहा महिने उलटून अकरा दिवस झाले होते. मला रडूच कोसळायचं बाकी होतं.

तेव्हा तुम्ही जे बोललात ते आजही माझ्या कानात आहे. "पंप माझ्याकडे आहे, दोन तासांत बसवून देईन. पण मी एकदा हा खोलला तर कंपनी म्हणेल, बाहेरच्या माणसानं हात लावला, आता आमचा संबंध नाही. म्हणून मी खोलणार नाही." नाना, आखाजीचा बाजार तुमच्याही घरात व्हायचा होता. समोर अडलेली बाई होती, म्हाताऱ्या सासूबाई आणि लेकरू सोबत होतं. तुम्ही सांगाल ती किंमत मी दिली असती. ते काम तुम्ही सोडून दिलंत, माझा दावा शाबूत राहावा एवढ्यासाठी.

काम सोडलंत आणि वर साक्षही दिलीत. कूलंटच्या टाकीतलं थोडं कूलंट आमच्याच रिकाम्या पाण्याच्या बाटलीत काढून दिलंत. म्हणालात, "साधं पाणी घातलं होतं का, हे ते आधी विचारतील. तेव्हा ही बाटली दाखवा." माझ्या मोबाइलमध्ये फोटो काढायला लावलेत: छिद्र, ओघळ, पंप फिरवणारा पट्टा, मीटरवरचे किलोमीटर. मग बिलबुकाचं पान फाडून लिहिलंत, "गाडी गरम होऊन आली. वॉटर पंपाच्या छिद्रातून कूलंट. पट्टा खोलला नाही. काहीही उघडलं नाही." खाली तारीख, वेळ, सही. पानाच्या कोपऱ्यावर तुमच्या ग्रीसच्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. ते पान मी लॅमिनेट करून घेतलं आहे.

पैसे विचारले तर म्हणालात, काम केलंच नाही तर पैसे कशाचे. टो-गाडी येईपर्यंत थांबलात, गाडी धुळ्याच्या वर्कशॉपला रवाना केलीत, आम्हाला धुळ्याच्या एसटीत बसवून दिलंत. भाऊ धुळ्याच्या स्टँडवर न्यायला आला होता. आखाजी चुकली नाही, नाना.

वर्कशॉपमध्ये पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्यांना माहीत असावं. काउंटरवरच्या माणसानं बिल पाहिलं आणि एका वाक्यात विषय संपवला: वॉरंटी संपली. पार्ट ४,३५०, मजुरी २,८००, कूलंट १,१००, एकूण ८,२५० रुपये. भाऊ म्हणाला, सरळ ग्राहक आयोगात जाऊ. मीही तापले होते. रात्री तुम्हाला फोन केला तो खरं तर माझा राग ऐकवायला.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "भांडायच्या आधी मागून बघा." नाशिकला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही अनेक वर्षं काढली आहेत, हे मला तेव्हा कळलं. गुडविल हा शब्दही तेव्हाच नीट कळला. वॉरंटीत बसत नसलं तरी गिऱ्हाइकाची बाजू खरी वाटली, तर कंपनी आपल्या मर्जीनं खर्चाचा वाटा उचलू शकते. तो आपला हक्क नसतो, त्यामुळे मागणीचा सूर सांभाळावा लागतो. तरीही मागायला लाजायचं कारण नाही, कारण मागितल्याशिवाय ते आपणहून क्वचितच कुणी देतं.

त्या अर्ध्या तासात तुम्ही मला जे शिकवलंत ते मी वहीत उतरवून घेतलं. नवा पंप इतक्या लवकर गेला तर मुख्य कारणं तीन: पार्टमध्येच खोट, बसवताना चूक (पट्टा जास्त ताणला तरी बेअरिंग मरतं), किंवा गिऱ्हाइकानं कूलंटऐवजी भलतंच काही ओतलं. तिसरं कारण बाटलीनं आणि फोटोंनी बाजूला पडलं. उरलेली दोन्ही माझ्या हातातली नव्हती. वर्कशॉप कंपनीकडे बोट दाखवेल आणि कंपनी वर्कशॉपकडे, म्हणून एकच पत्र दोघांना एकाच दिवशी पाठवायचं. पत्र एका पानाचं. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, दोन्ही तारखा, दोन्ही वेळचे किलोमीटर, सगळ्या सर्व्हिसिंगच्या नोंदी, आणि शेवटी नेमकी मागणी. शंका लिहायच्या नाहीत, घडलं तेवढंच लिहायचं. आणि सगळ्यात आधी हे वाक्य: "पहिला पंप ७१,००० किलोमीटर चालला, दुसरा ५,४००."

हे वाक्य मला सुचलं नसतं. माझ्या कच्च्या पत्रात पहिले दोन परिच्छेद मनस्तापाचे होते. तुम्ही ते फोनवर ऐकलेत आणि शांतपणे म्हणालात, "हे खरंच आहे, पण वाचणाऱ्याला त्यावर निर्णय घेता येत नाही." मी ते काढले.

आणखी एक गोष्ट तुम्ही दोनदा सांगितलीत: खोलायच्या वेळी स्वतः हजर राहा, जुना पंप भंगारात जाऊ देऊ नका. मी धुळ्याला पुन्हा गेले. पंप बाहेर काढल्यावर पुली हातानं हलवून पाहिली, दातासारखी डुगडुगत होती. तिचा व्हिडिओ काढला. तपासणीसाठी वर्कशॉपनं पंप ठेवून घेतला तेव्हा जॉब कार्डावर तसं लिहून घेतलं.

भावाचं म्हणणंही तुम्ही उडवून लावलं नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, १९१५ या हेल्पलाइनवर आधी फोनही करता येतो. तुमचं म्हणणं एवढंच होतं की हे खिशात राहू द्या, पहिल्या पत्रात धमकी आली की समोरचा माणूस कायदा विभागाकडे फाइल सरकवतो आणि ज्याच्या हातात गुडविल आहे तो बाजूला होतो.

एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. पार्टचे सगळे पैसे कंपनीनं सोसले, मजुरी अर्धी वर्कशॉपनं सोडली. मी २,५०० रुपये भरले. काउंटरवरच्या त्याच माणसानं शिफारस जोडली होती, हे मागाहून कळलं. त्यालाही मी आभाराच्या चार ओळी पाठवल्या आहेत.

नाना, वाचलेले ५,७५० रुपये आमच्यासारख्या घराला थोडे नाहीत, लेकीच्या शाळेच्या वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा खर्च त्यातून निघाला. पण मला आठवतो तो निंबाखाली मिटलेला तुमचा पान्ह्यांचा डबा. तो त्या दुपारी तुम्ही उघडलाच नाहीत. फोनवर "थँक्यू नाना" म्हणून ते फिटलं असं मला वाटत नाही.

सासूबाई विचारत असतात, त्या खाटवाल्या भाऊला सांजोऱ्या कधी नेऊन देणार? येत्या आखाजीला सोनगीरला जाताना थांबणार आहोत. डबा घरच्यांसाठीही पुरेल असा मोठा आणेन. गाडीचं कूलंटही त्या दिवशी तुम्हीच बघा, आणि त्याचे पैसे घ्या.

तुमची,
जळगावची ताई