कटलर गुरुजींची पेटी आणि तुमची वही

ग्लासगो, ३ मार्च २०२६

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर अर्धा वेळ तुझ्या गुडघ्यात गेला, आई, आणि अर्धा आवाज तुटण्यात. मनातलं बोलायचं राहून गेलं, म्हणून पत्रच लिहायला बसले. बाबा, हे तुम्ही चष्मा लावून सावकाश वाचा. आई, तू शेजारीच बस, कारण शेवटी तुझ्याकडे एक काम आहे.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी तुम्हाला ठाऊक आहेत. गेल्या वेळी आई आली होती तेव्हा तिच्याकडून पुरणपोळी शिकायला निघाल्या होत्या, त्याच. थंडीत त्यांचं बाहेर पडणं बंद होतं, म्हणून शनिवारी मी त्यांचा बाजार आणून देते. जानेवारीत अशीच दूध-पाव घेऊन गेले तर त्यांनी जुनी तबकडी लावलेली होती. दारातच पाय थबकले. कारण आधी आवाज आला तो भात्याचा. सुराच्या आधी पेटी श्वास घेते ना, तो. मग पायाखालची फळी कुरकुरली आणि एक लांब, थोडा कापरा सूर निघाला. क्षणभर वाटलं, तुम्ही काकड आरतीला बसलाय, पेटी उघडून एक पट्टी नुसती दाबून बघताय.

पेटीवर होते आयव्हर कटलर. इथल्या एका पिढीला हे नाव घरातल्यासारखं माहीत आहे. ते मूळचे याच शहरातले. १९२३ साली गोव्हन भागात, रेंजर्सच्या फुटबॉल मैदानाजवळच्या ज्यू कुटुंबात जन्मले. आपण जन्मून पहिलं रडलो तेव्हाच मैदानात गोल झाला, असं ते सांगायचे. गाणी, कविता, गोष्टी सगळं स्वतःचं, आणि साथीला पायाने भाता मारायची पेटी, आपल्या संगीत नाटकांना असायची तशी. आवाज हळू, एकेक शब्द जमिनीवर ठेवल्यासारखा. लोक हसून हसून बेजार व्हायचे, आणि हे मात्र गंभीर. स्वतःला ते तिरका संगीत-तत्त्वज्ञ म्हणवायचे. आज त्यांना जाऊन बरोबर वीस वर्षं झाली, म्हणून आजच लिहिते आहे.

बाबा, ते शिक्षक होते हो. आणि ते कळल्यापासून मला तुमच्याशीच बोलायचंय.

आधी लढाईतलं सांगते. १९४२ मध्ये ते हवाई दलात नॅव्हिगेटर म्हणून लागले. विमान कुठून कुठे न्यायचं ते नकाशावर बघून सांगायचं, हे काम. पण कटलर खिडकीतून ढग बघत बसायचे. स्वप्नाळू आहेत, असा शेरा मारून त्यांना विमानातून उतरवलं, आणि मग ते कोठारात सामान सांभाळायला लागले. हे वाचलं आणि मला तुमचं ‘ढगाला विचारलं गाव कुठं, ढग म्हणाला वारा म्हणेल तिथं’ आठवलं. तिसरीतल्या त्या मुलासाठी केलं होतंत ना तुम्ही, जो सारखा बाहेर बघायचा? दुसऱ्या कुठल्या गुरुजींनी त्याचा कान पिळला असता. तुम्ही त्याला गाणं दिलंत, आणि वाऱ्याच्या दिशा शिकवायला त्यालाच फळ्यापाशी उभं केलंत. मी त्याच वर्गात मागच्या बाकावर होते.

लढाईनंतर कटलर इथल्या कलाशाळेत शिकले आणि जवळच्या पेझ्लीत मास्तर झाले. तेव्हा स्कॉटलंडच्या शाळांमध्ये हातावर चामड्याचा पट्टा मारायचे. जाड, टोकाशी चिरलेला, खास याच कामासाठी बनवलेला. फाइफमधलं लॉखगेली हे गाव त्या पट्ट्यांसाठीच प्रसिद्ध होतं. सरकारी शाळांतून तो कायद्याने गेला थेट १९८७ मध्ये. आजींनी स्वतः खाल्लाय. बोलता बोलता त्यांनी उजवा तळहात उघडून मनगटापर्यंत बोट फिरवलं, कुठपर्यंत वळ उठायचे ते दाखवायला. ऐंशी पार झालेल्या बाईचा हात, आणि तो दाखवताना त्यांनी नकळत दुसरा हात त्याच्याखाली धरला. मुलं तशीच उभी राहायची म्हणे, एका तळव्याखाली दुसरा तळवा.

कटलरांना हे सोसवेना. त्यांनी ती नोकरी सोडली, आणि जाताना आपला पट्टा कापला. त्याचे तुकडे केले आणि वर्गातल्या मुलांना वाटून टाकले. ज्यांना मारायला दिला होता, त्यांनाच.

हे ऐकताना डोळ्यांसमोर आपल्या शाळेमागची परसबाग आली. हजर झाल्या दिवशी तुमच्या हातात निरगुडीची छडी दिली होती आणि ती तुम्ही टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून रोवलीत. आई अजून सांगते, पुढच्या पावसात तिलाच पालवी फुटली. तुम्ही कधी याची गोष्ट केली नाहीत. आम्हाला वाटायचं, सगळ्यांचेच गुरुजी असे असतात.

पुढे ते ए. एस. नील यांच्या समरहिल शाळेत शिकवायला गेले. मुलाला वर्गात यायचं तर यावं, नाहीतर नाही, अशी ती शाळा. तिथून लंडनला. तिथल्या प्राथमिक शाळांतून सात ते अकरा वर्षांच्या मुलांना ते कितीतरी वर्षं संगीत, नाटक, कविता आणि अंगाने नाचून सांगायचं शिकवत राहिले. नाव झालं तरी वर्ग सोडला नाही. त्यांच्या गाण्यांत मुंग्या, चिखल, आजोबा, वाटीत सांडलेलं काहीबाही असं सगळं येतं, आणि तर्क असा की मोठ्या माणसाला वेडा वाटावा आणि सात वर्षांच्या पोराला एकदम पटावा. वर्गात रोज बसल्याशिवाय असं सुचत नाही, हे मला तुमच्याकडे बघून कळतं. त्यांना विक्षिप्त म्हणतात ते मला तितकंसं पटत नाही. मुलांचं बोलणं ते कान देऊन ऐकत होते, एवढंच.

१९५७ साली लंडनच्या एका क्लबात ते पहिल्यांदा गायले आणि सपशेल पडले. चौतिशी आली होती. पण दोन वर्षांत बीबीसी रेडिओने बोलावलं. बाबा, गंमत बघा. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं पेटीला दारं बंद ठेवली, हे तुम्ही किती कळवळून सांगायचात. त्याच काळात इकडे एक मास्तर पेटी घेऊन रेडिओवर बसला होता आणि घरोघरी ती ऐकली जात होती.

मग बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने त्यांना टीव्हीवर पाहिलं आणि १९६७ च्या ‘मॅजिकल मिस्ट्री टूर’ या चित्रपटात बसमधल्या प्रवाशाची भूमिका दिली. त्याच वर्षी बीटल्सचेच निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांची ‘ल्यूडो’ ही तबकडी काढली. एखाद्याचं डोकं फिरलं असतं. हे शाळेत जात राहिले, सायकलवर. पुढे जॉन पील या रेडिओवाल्याने त्यांना वीसहून जास्त वेळा गायला बोलावलं. रात्री रॉक ऐकणारी कॉलेजची पोरं त्यांची भक्त झाली, आणि त्यांची मुलं, आणि मग नातवंडंही.

त्यांच्या सवयी आजी खुलवून सांगतात. टोपीवर बिल्ले. गोंगाट कमी व्हावा म्हणून झटणाऱ्या संस्थेचे सभासद, त्यामुळे श्रोत्यांना सांगायचे की टाळ्या निम्म्या आवाजात वाजवा, शिट्ट्या तर नकोच. खिशात छापलेली चिकट लेबलं असत, ती भेटेल त्याला द्यायची. एकावर लिहिलेलं, ‘हे लेबल काढायचं असेल तर काढून टाका.’ आजींकडे एक आहे, शिवणाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेलं. कडा पिवळ्या पडल्यात. काढलं नाही त्यांनी.

पण मला सर्वांत भिडलं ते हे. १९९७ मध्ये क्रिएशन या कंपनीने त्यांची नवी तबकडी काढली. ओअॅसिस या तेव्हाच्या गाजलेल्या बँडची तीच कंपनी. कटलर तेव्हा ७४ वर्षांचे होते. बाबा, तुम्हाला आता चौऱ्याहत्तरावं लागलंय. त्यानंतर आणखी सात वर्षं ते गायले, २००४ मध्ये थांबले.

तर ती वही. निळ्या कापडी पुठ्ठ्याची, दर पानावर समास आखलेली. त्यात पाढ्यांची गाणी आहेत, ‘ळ’ला शब्दाच्या आरंभी जागा मिळत नाही म्हणून त्याची समजूत काढणारं गाणं आहे, दीडकीच्या पाढ्यात पाय अडकलेल्या वासराचं आहे. मला आठवतं, तपासणीला आलेले साहेब भर वर्गात तुम्हाला म्हणाले होते, ‘गुरुजी, गाण्याने गणित येतं का?’ तुम्ही काही बोलला नाहीत. घरी आल्यावर वही ट्रंकेत ठेवलीत आणि पुन्हा शाळेत नेली नाहीत. मी दहा वर्षांची होते. त्या दिवशी तुम्ही जेवताना ताटाकडे बघत होतात, ते मी अजून विसरलेले नाही. गणित येत होतं, बाबा. पंधरा साते आजही मी त्या चालीवरच म्हणते, आणि कामावर औषधांचे हिशेब करताना ओठ हलतात.

आणि एक. ढगाचं गाणं इथे पोचलंय. शाळेत जाताना तुमचा नातू बसथांब्यावर तेच म्हणत असतो. ‘ढ’ त्याला जमत नाही, ‘डग’ म्हणतो. परवा त्याने मला विचारलं, ढगाने पुढे काय केलं? मला पुढचं कडवं येईना. तुम्हालाच येतं ते.

आई, तुझं काम असं. वही ट्रंकेत तळाशी आहे, माझ्या शाळेच्या दाखल्यांखाली. ती बाहेर काढ. मग फोनवर ते माइकचं चित्र आहे ना, ते दाबून बाबांच्या समोर, पेटीपासून हातभर लांब ठेव, जवळ नको, भात्याचाच आवाज येईल. एका दिवशी एकच गाणं. बाबा चुकले, थांबले, खोकले तरी बंद करू नकोस. आणि मध्ये तुझं ‘अहो, हे कडवं राहिलं’ आलं तर तेही राहू दे.

पेटीच्या दोन पट्ट्या वर येत नाहीत असं गेल्या दिवाळीत म्हणाला होतात. मिरजेला दाखवून आणा. पैसे काल खात्यात घातलेत, ते गुडघ्याच्या औषधात घालू नका, त्याचे वेगळे पाठवलेत. तोवर त्या दोन सुरांशिवाय बसेल ते गाणं आधी घ्या. वासराचं बसेल असं वाटतं, ते फारसं वर जात नाही.

नातवाला मी शनिवारपर्यंतचा वायदा केलाय.

तुमची,
चिमी