शिडं राहिली, स्टेज गेलं

सांगली,
रविवार

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं. घरी सगळं ठीक, आईचा गुडघा आहे तसाच. आज लिहितोय ते वेगळ्याच कारणानं.

सिडनीचं ऑपेरा हाऊस कसं बांधलं, यावरचा माहितीपट काल रात्री बघितला आणि लेका, झोपच उडाली. छताची ती पांढरी शिडं आपण कॅलेंडरवर बघत आलो. पण 1959 साली काम सुरू झालं, तेव्हा ती उभी कशी राहणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं! तिथले प्रीमियर जो केहिल, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्रीच. सरकार बदललं तर काम बारगळेल, ही त्यांना धास्ती. मग काय, नकाशे पुरे व्हायच्या आत काँक्रीट पडलं. पुढे छताचं वजन कळल्यावर खालचे खांब सुरुंगानं उडवायची पाळी आली. छताचं कोडं सुटलं 1961 मध्ये: सगळे तुकडे एकाच गोलातून काढायचे, म्हणजे तेच साचे परत परत वापरता येतात.

अंदाज 70 लाख डॉलरचा, खर्च 10 कोटी 20 लाख. तोही बराचसा लॉटरीची तिकिटं विकून. आपले कंत्राटदार उगाच बदनाम!

1960 साली अमेरिकन गायक पॉल रोब्सन तिथं कामगारांसाठी गायला, तो तुकडा तू बघच. परांचीवर बसून कामगार ऐकतायत, वर छताचा पत्ता नाही. त्या वास्तूतलं पहिलं गाणं ते.

पण माझं डोकं फिरलं ते पुढेच. 1966 मध्ये नव्या सरकारशी बिलांवरून बिनसलं आणि वास्तुविशारद उट्झन सोडून गेला. 2008 मध्ये वारला, पण पुन्हा तिकडे फिरकला नाही. तो गेल्यावर मोठं सभागृह फक्त मैफलींसाठी ठेवायचं ठरलं, आणि रंगमंचाची बसवलेली यंत्रं उपसून काढली! ऑपेराला मिळालं धाकटं सभागृह: विंगेत जागा नाही, वादकांचा खड्डा अरुंद. नाव ऑपेरा हाऊस, आणि ऑपेराच अडचणीत. आपण भावे नाट्यमंदिरात अंधारात लेव्हल, म्हणजे स्टेजवरचे चौथरे, ढकलणारी माणसं, आपल्याला हे कसं पचणार? शिडांचे फोटो सगळे काढतात, विंग कोण मोजतो?

5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनाला येतोयस ना? माहितीपट पेन ड्राइव्हवर घालून ठेवतो. मुक्काम आमच्याकडेच, वहिनींनाही आण.

तुझा,
बंड्या