मॉडेल चालले, पण अंदाज बरोबर आला का? हवामान खात्याच्या मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

हवामान खात्याचा कारभार आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. गेली अनेक वर्षे मी तरुण हवामानतज्ज्ञांना संगणकावरचा संख्यात्मक अंदाज, म्हणजे हवेची समीकरणे सोडवणारे ‘मॉडेल’ चालवून काढलेला अंदाज, शिकवते. आमच्या कार्यशाळा बहुधा पाच दिवसांच्या असतात. पहिले तीन दिवस सॉफ्टवेअर बसवण्यात जातात, चौथ्या दिवशी बाहेरचा डेटा उतरवून घेतला जातो आणि पाचव्या दिवशी दुपारी मॉडेलच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या लॉग फाइलच्या तळाशी ‘सक्सेस कम्प्लीट डब्ल्यूआरएफ’ अशी ओळ उमटते. डब्ल्यूआरएफ हे आम्ही शिकवतो त्या मॉडेलचे नाव. वर्गात टाळ्या पडतात. संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटली जातात, फोटो निघतो आणि सगळे आपापल्या कार्यालयात परततात.

त्या ओळीचा अर्थ इतकाच, की गणित मध्येच न कोसळता शेवटपर्यंत पोचले. पाऊस बरोबर आला का, वारा योग्य दिशेने वाहिला का, याबद्दल ती ओळ काहीच सांगत नाही. खरे शिक्षण तिथून पुढे सुरू व्हायला हवे आणि आपले प्रशिक्षण नेमके तिथेच संपते. माझे सगळे म्हणणे एवढ्याशा जागेभोवती आहे.

एक अनुभव सांगते. अशीच कार्यशाळा करून गेलेल्या एका मुलाने मला नकाशा पाठवला. प्रत्यक्षात जिथे धो धो पाऊस झाला होता, तिथे त्याच्या नकाशावर जवळपास कोरडे होते. तो तीन दिवस मॉडेलमधल्या भौतिकीच्या योजना (ढगांसारख्या प्रक्रियांची गणिते) बदलून बदलून रन घेत होता, म्हणजे मॉडेल पुन्हा पुन्हा चालवत होता. दोष मॉडेलमध्ये नव्हताच. डब्ल्यूआरएफमध्ये पाऊस दोन चलांत साठतो. ‘रेनसी’मध्ये ग्रिडच्या, म्हणजे मॉडेलने प्रदेशावर टाकलेल्या चौकटींच्या जाळ्याच्या, पकडीत न येणाऱ्या छोट्या, उंच ढगांचा अंदाजे काढलेला पाऊस असतो आणि ‘रेनएनसी’मध्ये ग्रिडवर प्रत्यक्ष सोडवलेल्या ढगांचा. एकूण पावसासाठी दोन्हींची बेरीज करावी लागते. त्याने फक्त दुसरा घेतला होता. शिवाय हे आकडे रन सुरू झाल्यापासून साठत जातात, त्यामुळे दुसऱ्या दिवसाचा पाऊस हवा असेल तर पहिल्या दिवसाचा वजा करायला हवा. तेही राहून गेले होते. मॉडेलने दिलेला पाऊस नकाशा काढताना गळून गेला. मुलगा हुशार होता, मेहनती होता. नकाशा रंगीत आणि सुबक दिसतो तेव्हाही त्यावर शंका घ्यायची असते, एवढे त्याला कुणी शिकवले नव्हते. शिकवणाऱ्यांत मीही होते.

या शास्त्राची सुरुवातच एका फसलेल्या अंदाजापासून झाली, हे आपल्याला सांगायला हवे. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी 20 मे 1910 या दिवसाच्या निरीक्षणांवरून मध्य युरोपातल्या हवेच्या दाबात सहा तासांत किती बदल होईल, हे हाताने गणित करून काढले. उत्तर आले 145 हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचे एकक), म्हणजे अशक्य वाटावा इतका मोठा बदल. प्रत्यक्षात दाब जवळपास जागचा हलला नव्हता. हा माणूस पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवत होता आणि ते काम सांभाळून हे गणित करत होता. इतके चुकीचे उत्तर त्यांनी लपवले नाही, 1922 मध्ये सगळ्या आकडेमोडीसह छापले. म्हणूनच पुढच्या पिढ्यांना दोष सापडला. समीकरणे ठीक होती, पण सुरुवातीच्या डेटात वारा आणि दाब यांचा मेळ बसत नव्हता. तो आधी बसवून घेतला की त्याच पद्धतीने समंजस उत्तर येते, हे आयरिश हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी नंतर करून दाखवले. आजच्या मॉडेलमध्ये निरीक्षणे मिसळताना जी काळजी घ्यावी लागते, तिचे मूळ या चुकीत आहे. माझ्या मते प्रत्येक अभ्यासक्रमाचा पहिला दिवस या फसलेल्या अंदाजाचा असावा.

1950 मध्ये एनिअॅक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकावर 24 तासांचा अंदाज काढायला जवळपास 24 तास लागले. 2008 मध्ये तेच गणित साध्या मोबाइल फोनवर सेकंदभरातच सुटले. यंत्रे अशी वेगाने पुढे गेली. ती वापरणारा माणूस घडायला मात्र आजही महिने लागतात.

वरिष्ठांकडून नेहमी येणारी एक मागणी इथेच सांगते: ‘ग्रिड एक किलोमीटरची करा.’ ग्रिडचे अंतर निम्मे केले की बिंदू चौपट होतात आणि गणित कोसळू नये म्हणून काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते. म्हणजे काम आठपट. नऊ किलोमीटरवरून तीनवर आलो की 27 पट, एकवर आलो की 729 पट. एवढा खर्च करूनही सुरुवातीची स्थिती बहुतेक वेळा सुमारे 25 किलोमीटर ग्रिडच्या जागतिक डेटातूनच घेतलेली असते. बारीक ग्रिडने चित्र देखणे होते, पण त्याने अंदाज सुधारतोच असे नाही. साधारण चार ते दहा किलोमीटरच्या टप्प्यात तर छोट्या ढगांचा पाऊस अंदाजे काढणारी योजना चालू ठेवावी की बंद करावी, हा प्रश्न जाणत्यांनाही अडवतो. नीट शिकलेला तंत्रज्ञ ही मागणी ऐकून आधी विचारेल, ‘कशासाठी?’ हा प्रश्न विचारण्याइतकी जाण आणि तेवढी मोकळीक त्याला मिळाली पाहिजे.

साधनांचेही असेच आहे. एनसीएल ही आलेख काढण्याची भाषा कित्येकांनी तोंडपाठ केली होती. 2019 मध्ये तिचा विकास थांबला आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेकडे वळावे लागले. ज्यांनी नुसत्या आज्ञा पाठ केल्या होत्या ते अडकून पडले. हवामानाचा डेटा साठवणाऱ्या नेटसीडीएफ फाइलमध्ये काय असते, तशाच ग्रिब फाइलमध्ये काय असते, वाऱ्याचे घटक चौकटीच्या मध्यावर नसून कडांवर का दिलेले असतात, हे ज्यांना कळले होते ते एक्सअॅरे आणि मेटपाय या पायथॉनच्या साधनांवर काही आठवड्यांत रुळले. ग्रॅड्स हे नकाशे काढण्याचे जुने साधन अजून चालते आणि मला ते प्रिय आहे, पण शिकवायचे ते हे आतले.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल आली आहेत. युरोपीय हवामान अंदाज केंद्राचे एआयएफएस हे मॉडेल 25 फेब्रुवारी 2025 पासून रोजच्या वापरात आहे. ‘आता भौतिकी शिकवायची गरजच काय?’ असे मला बैठकांत विचारले जाते. ही मॉडेल बहुतांशी ईआरए5 या पुनर्विश्लेषणावर, म्हणजे गेल्या अनेक दशकांच्या हवामानाच्या पुन्हा मांडलेल्या नोंदीवर, शिकतात आणि ते पुनर्विश्लेषण भौतिकीचे मॉडेल आणि निरीक्षणे एकत्र करूनच तयार होते. सरासरी चूक कमी करायला शिकवलेले मॉडेल टोकाच्या घटना सपाट करते. लोकांचे जीव जातात ते याच टोकाच्या घटनांत. ते सपाटीकरण ओळखणारी नजर कार्यालयात नसेल, तर नव्या साधनाने धोका वाढेल.

म्हणून माझी विनंती आहे, की किती जणांना प्रमाणपत्र दिले या आकड्यावर प्रशिक्षणाचे यश मोजणे थांबवावे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने परतल्यावर एक पूर्ण ऋतू स्वतःचे अंदाज आणि प्रत्यक्ष निरीक्षणे शेजारी शेजारी लिहून ठेवावीत: किती वेळा पाऊस सांगितला आणि झाला, किती वेळा सांगितला आणि झाला नाही, किती वेळा न सांगता झाला. पावसाचा पट्टा थोडा बाजूला सरकला तर साध्या मोजणीत एकाच चुकीची शिक्षा दोनदा होते, हेही त्यातून कळेल आणि शेजारपाजारच्या चौकटी धरून मोजायच्या पद्धती शिकाव्याशा वाटतील. पडताळणीचे एमईटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. लागतो तो वेळ, एक बेताचा सर्व्हर आणि अधूनमधून शंका विचारायला एक जाणता माणूस. प्रमाणपत्र ती वही पाहून द्यावे.

त्याबरोबर बदल्यांकडेही पाहावे. माझ्या हाताखाली तयार झालेली एक अतिशय चांगली मुलगी परतल्यावर चार महिन्यांत आस्थापनेच्या टेबलावर गेली, कारण तिथे माणूस कमी होता. तिचा सर्व्हर बंद पडला आणि पासवर्ड दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हता. प्रशिक्षणानंतर किमान तीन वर्षे माणूस त्याच कामावर राहील, असा आदेश आपल्या सहीने निघू शकतो.

सॉफ्टवेअर बसवणे आणि मूलतत्त्वे लोकांना आधी घरबसल्या शिकता येतात. त्यासाठी मेटेड या हवामान शिक्षणाच्या संकेतस्थळासारखे मोफत पाठ आहेत. प्रत्यक्ष वर्गाचे दिवस फसलेल्या अंदाजांसाठी राखावेत. माझ्याकडे असे चौदा रन जपून ठेवले आहेत, त्यांच्या निरीक्षणांसह. आपल्या पुढच्या तुकडीसाठी ते सगळे मी द्यायला तयार आहे. कोणत्या कार्यालयात पाठवायचे, तेवढे कळवावे.

आपली नम्र,
हवामान मॉडेलची एक प्रशिक्षिका